एच्. आय्. व्ही.ची शुश्रूषा आणि स्त्रीचें आरोग्य

संगमेश्वरास शास्त्री आणि सोनवी या दोन नद्या एकमेकींस मिळतात. गांवाचें नांवच मुळीं त्या संगमावरून पडलेलें आहे. कसब्यांतील कर्णेश्वराच्या देवळामुळें आणि १६८९ सालीं संभाजीमहाराज येथेंच मोगलांच्या हातीं सांपडले या इतिहासामुळें हें नांव महाराष्ट्रांतील शाळकरी मुलांसहि ठाऊक असतें. मुंबईहून गोव्याकडे जाणारा हमरस्ता या गांवावरून जातो, आणि अलीकडे कोंकण रेल्वेहि जाते. या वाटेनें पिढ्यान् पिढ्या येथील पुरुष मुंबईस गेले. गिरण्यांत, गोदींत, खानावळींत त्यांनीं कामें केलीं आणि गणपतीस व शिमग्यास ते घरीं परतले. कोंकणांत त्यांस चाकरमानी म्हणतात. चाकरमान्याच्या ट्रंकेंतून कापड आलें, खाऊ आला, मनिऑर्डरीचा पैसा आला. आणि कधीं कधीं, त्याच्या स्वतःच्याहि नकळत, त्याच्या रक्तांतून एक आजार आला. पोटासाठीं घर सोडणें हा कांहीं अपराध नव्हे, आणि हा आजार एकट्या कोंकणाचाहि नव्हे. जेथें जेथें पुरुषास महिनेच्या महिने घरापासून दूर राहावें लागतें, तेथें तेथें हेंच घडलें आहे. आजच्या भाषणाचा विषय हा आजार आहे. परंतु त्याहूनहि अधिक, चाकरमान्याच्या मागें घरीं राहिलेली स्त्री हा आहे.

भारतांत एच्. आय्. व्ही. हा विषाणु १९८६ सालीं मद्रासेस, म्हणजे आजच्या चेन्नईस, डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या तपासणींत प्रथम उघडकीस आला. तेव्हां तपासलेल्या स्त्रिया देहविक्रय करणाऱ्या होत्या. त्यामुळें पुष्कळ वर्षें सुशिक्षित समाजाची अशी समजूत राहिली कीं, हा रोग ‘तसल्या’ वस्तीचा आहे. सोज्ज्वळ घराचा उंबरठा तो ओलांडीत नाहीं. ही समजूत पुण्यांतील एका पाहणीनें मोडली. डॉ. रमण गंगाखेडकर व त्यांचे सहकारी यांनीं गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांची तपासणी केली आणि आपला निष्कर्ष १९९७ सालीं अमेरिकेंतील वैद्यकसंघाच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. देहविक्रयाशीं कांहींहि संबंध नसलेल्या स्त्रियांपैकीं शेंकडा १३.६ जणींस एच्. आय्. व्ही.ची लागण झालेली आढळली. त्यांतील बहुतेकींचा पतीवांचून दुसऱ्या पुरुषाशीं संबंध आलेला नव्हता. त्यांच्याकडून घडलें होतें तें एवढेंच कीं, त्या आपला संसार करीत होत्या.

त्याच्या आठ वर्षें आधीं, १९८९ सालीं, डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनीं गडचिरोली जिल्ह्यांतील दोन खेड्यांतील स्त्रियांचा अभ्यास लॅन्सेट या इंग्रजी वैद्यकीय साप्ताहिकांत मांडला होता. त्या स्त्रियांपैकीं शेंकडा ९२ जणींस कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. आणि त्यासाठीं पूर्वीं एकदां तरी तपासणी झालेल्या स्त्रिया शेंकडा ८ च होत्या. म्हणजे पोटांत दुखणें, अंगावरून पांढरें जाणें, पाळीचा त्रास या गोष्टी स्त्रिया मुकाट्यानें सोसत होत्या, आणि त्या सोसण्यालाच स्त्रीचा जन्म म्हणण्याची रीत होती.

हे दोन निष्कर्ष शेजारीं शेजारीं ठेवून पाहावे. एकांतून असें दिसतें कीं, एच्. आय्. व्ही. गृहिणीपर्यंत पोहोंचला आहे. दुसऱ्यांतून असें दिसतें कीं, गृहिणी दवाखान्यापर्यंत पोहोंचलेली नाहीं. ज्या दिवशीं ती एका दुखण्यासाठीं दवाखान्याची पायरी चढते, त्या दिवशीं तिचीं बाकीचीं दुखणीं विचारलीं गेलीं नाहींत, तर तीं विचारण्याचा योग पुन्हां येईलच असें नाहीं. एच्. आय्. व्ही.ची शुश्रूषा आणि स्त्रीच्या जननेंद्रियांची, गर्भाची व संततिनियमनाची शुश्रूषा एकत्र आणावी असें वैद्यकशास्त्र आज सांगतें, त्याचें मूळ या साध्या गोष्टींत आहे.

मग या शुश्रूषा वेगळ्या झाल्या कशा? त्यांत कोणाचा दुष्टावा नव्हता. त्या निरनिराळ्या वेळीं जन्मल्या. कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ सालीं सुरू झाला. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना १९९२ सालीं स्थापन झाली. एकीचीं माणसें वेगळीं, पैसा वेगळा, नोंदवह्या वेगळ्या. दुसरीचे सर्व कांहीं वेगळे. १ एप्रिल २००४ पासून विषाणूस आवर घालणारीं औषधें सरकारी रुग्णालयांतून विनामूल्य मिळूं लागलीं, मुंबईचें जे. जे. रुग्णालय त्यांतील पहिल्या रुग्णालयांपैकीं होतें. पुढें जिल्ह्याजिल्ह्यांत ए. आर्. टी. केंद्रें निघालीं, रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयांतहि असें केंद्र आहे. या औषधांनीं असंख्य घरें सांवरलीं. परंतु केंद्राचें मुख्य काम गोळ्या देणें हें ठरलें, आणि स्त्रीचें बाकीचें शरीर दुसऱ्या इमारतींत राहिलें.

याचा अर्थ काय होतो, हें समजण्यासाठीं संगमेश्वर तालुक्यांतील एखाद्या वाडीवरची एक स्त्री कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावी. वय ३२. नवरा मुंबईस नोकरीस. दोघांसहि लागण, दोघांचेंहि औषध सहा वर्षें नियमित चालू. ९ वर्षांची एक मुलगी, ती निरोगी. घरीं सासूला यांतलें कांहीं ठाऊक नाहीं. औषधाच्या दिवशीं ती पहांटे उठून भाकऱ्या टाकते, पहिल्या एस्. टी.नें संगमेश्वरास येते, तेथून गाडी बदलून हातखंब्यावरून रत्नागिरीस जाते. घरीं तिनें सांगितलेलें असतें कीं, रक्त कमी आहे, टॉनिक आणावयाचें आहे. केंद्रांत वजन होतें, मागील गोळ्या मोजल्या जातात.

“गोळ्या चुकल्या नाहींत ना?”

“नाय, ताई. एकपण नाय.”

वहींत खूण होते, नवी बाटली हातीं येते. तिच्या मनांत मात्र तीन गोष्टी असतात. चार महिने अंगावरून जातें आहे आणि ओटीपोट दुखतें आहे. नवऱ्याची इच्छा आहे कीं, मुलीला एक भावंड असावें. तें आपल्याला करितां येईल का? आणि तें ठरेपर्यंत दिवस राहूं नयेत, म्हणून काय करावें? या तीन प्रश्नांसाठीं रुग्णालयाच्या आवारांत तीन निराळीं दारें आहेत. प्रत्येक दारापाशीं निराळी रांग आहे, आणि प्रत्येक रांगेच्या शेवटीं आपला आजार नव्यानें सांगावा लागणार आहे. परतीची गाडी चुकून चालणार नाहीं. ती विचार करते, पुन्हां एखादे दिवशीं येऊं. पण त्या दुसऱ्या खेपेसाठीं घरीं दुसरें खोटें शोधावें लागणार असतें. ती पुन्हां येत नाहीं.

यांत कोणीहि तिला हांकलून दिलेलें नाहीं. ताई प्रेमळ आहेत, डॉक्टर कष्टाळू आहेत, औषधें आहेत. ओटीपोटाच्या दुखण्यासाठीं सरकारनें ठरविलेला पिवळ्या रंगाचा संच आणि स्रावासाठींचा हिरव्या रंगाचा संच त्याच आवारांतील ‘सुरक्षा’ दवाखान्याच्या कपाटांत असूं शकतो. उणीव फक्त एका प्रश्नाची आहे, आणि तो प्रश्न कोणाच्याच कामाच्या यादींत नाहीं.

हीं दुखणीं एकाच ठिकाणीं पाहावीं याला केवळ सोय एवढेंच कारण नाहीं. शरीरांतच तीं एकमेकांत गुंतलेलीं आहेत. जननमार्गावर व्रण किंवा दाह असला कीं एच्. आय्. व्ही.ची देवाणघेवाण सुलभ होते. गरोदर स्त्रीची एच्. आय्. व्ही.ची आणि उपदंशाची तपासणी बरोबर करावी असें ठरलें आहे. दोन्हींसाठीं बोटाच्या टोंकाचें थोडें रक्त पुरतें.

दुसरी गोष्ट गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाची. हा रोग एच्. पी. व्ही. या निराळ्या विषाणूमुळें होतो. निरोगी स्त्रीचें शरीर त्या विषाणूस बहुधा आपोआप बाहेर काढतें, एच्. आय्. व्ही.नें प्रतिकारशक्ति खचलेली असली म्हणजे तें काम नीट होत नाहीं. म्हणून अशा स्त्रियांस या कर्करोगाचा धोका इतर स्त्रियांच्या सुमारें सहापट असतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते कीं, त्यांची तपासणी वयाच्या २५ व्या वर्षापासून सुरू करावी आणि दर तीन ते पांच वर्षांनीं पुन्हां करावी. ही तपासणी किती मोलाची आहे, हें महाराष्ट्रानेंच जगास दाखविलें. तेव्हांचा उस्मानाबाद म्हणजे आतांचा धाराशिव जिल्हा. तेथें बार्शीचें नर्गीस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय व मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहकार्यानें सुमारें १,३०,००० स्त्रियांवर एक मोठा प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध झाला: एच्. पी. व्ही.ची तपासणी आयुष्यांत एकदांच केली, तरी या कर्करोगानें होणारे मृत्यु जवळजवळ निम्म्यावर येतात. जेथें ही तपासणी उपलब्ध नाहीं, तेथें परिचारिका गर्भाशयाच्या मुखास सौम्य आम्ल, म्हणजे शिरक्यासारखें द्रावण, लावून पाहते. दूषित भाग पांढरा दिसतो. यास थोडाच वेळ पुरतो. औषधासाठीं वर्षांतून अनेक वेळां येणाऱ्या स्त्रीला तेवढा वेळ कोणीं दिला नाहीं, आणि औषधानें वांचलेली ती स्त्री पुढें कर्करोगानें गेली, तर त्या औषधाचें सार्थक झालें असें कसें म्हणावें?

तिसरी गोष्ट संततिनियमनाची. क्षय हा एच्. आय्. व्ही.चा नेहमींचा सोबती. क्षयावरील रिफँपिसिन या औषधामुळें पाळणा लांबविण्याच्या गोळ्यांचा गुण कमी होतो, एच्. आय्. व्ही.वर पूर्वीं सर्रास दिल्या जाणाऱ्या एफाव्हिरेंझ या औषधाचाहि दंडांत बसवावयाच्या संततिरोधक कांडीवर असाच परिणाम होतो. तांबी किंवा ‘अंतरा’ इंजेक्शन यांवर मात्र तो होत नाहीं. परंतु तांबीनें गर्भ टळतो, रोग टळत नाहीं. त्यासाठीं निरोध बरोबर लागतोच. एका टेबलावर गोळी देणाऱ्यास दुसऱ्या टेबलावरची गोळी ठाऊक नसेल, तर दोन्ही औषधें योग्य असूनहि स्त्रीला नको असतांना दिवस जातात.

चौथी गोष्ट सर्वांत नाजूक, ती मुलाच्या इच्छेची. लागण झालेल्या स्त्रीनें मूल नको म्हणावें, अशीच एके काळीं डॉक्टरांचीहि अपेक्षा असे. कांहीं उपचार न झाल्यास, गर्भांतून, प्रसूतींत व अंगावरच्या दुधांतून मिळून शेंकडा १५ ते ४५ मुलांस लागण होते. त्यामुळें ती अपेक्षा समजण्यासारखी होती. आज ती राहिलेली नाहीं. २०१४ पासून भारतांत लागण झालेल्या प्रत्येक गरोदर स्त्रीस आजन्म औषध देण्याचें धोरण आहे. तें वेळेवर व नियमित घेतलें आणि बाळासहि जन्मतांच औषध दिलें, तर लागणीचें प्रमाण शेंकडा ५ च्याहि खालीं येतें. बाळाची पहिली तपासणी सहाव्या आठवड्यांत होते आणि अखेरची दीड वर्षानें.

पतिपत्नींविषयीं तर याहूनहि मोठी गोष्ट सिद्ध झाली आहे. नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांवर एक प्रयोग झाला. प्रत्येक जोडप्यांत एकासच लागण झालेली होती. पुण्यांतील त्या वेळच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या द्वारां महाराष्ट्रांतील जोडप्यांनींहि त्यांत भाग घेतला. २०११ सालीं दिसून आलें कीं, लागण झालेल्या जोडीदारास लौकर औषध दिल्यास दुसऱ्यास त्याच्याकडून होणारी लागण शेंकडा ९६ नें टळते. पुढील अभ्यासांवरून आज निश्चितपणें सांगतां येतें कीं, औषधानें रक्तांतील विषाणु मोजतां न येण्याइतके कमी झाले असतां समागमांतून लागण होत नाहीं. तेव्हां त्या वाडीवरच्या स्त्रीच्या प्रश्नाचें उत्तर असें आहे: होय बाई, भावंड होऊं शकतें, रक्ताची तपासणी करूं, आधीं ओटीपोटाचें दुखणें बरें करूं, आणि मग वेळ ठरवूं. हें उत्तर शास्त्राजवळ तयार आहे. तें तिच्यापर्यंत जाण्यास एक दार मधें आडवें येतें.

या दोन विषयांचा संबंध रत्नागिरी जिल्ह्यास नवा नाहीं. दापोलीजवळच्या मुरूड गांवीं १८८२ सालीं जन्मलेले रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईस संततिनियमनाचें केंद्र उघडलें. ‘संततिनियमन’ लिहिणाऱ्या त्याच लेखणीनें त्यांनीं ‘गुप्तरोगांपासून बचाव’ हेंहि पुस्तक लिहिलें. १९२७ सालीं त्यांनीं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलें आणि १९५३ सालीं मृत्यूपर्यंत तें नेटानें चालविलें. त्यांस प्राध्यापकी सोडावी लागली, कोर्टाची पायरी चढावी लागली. १९३४ सालच्या खटल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं त्यांची बाजू मांडली. कर्व्यांचीं सर्वच मतें आज कोणास पटोत वा न पटोत. परंतु नको असलेला गर्भ आणि नको असलेला रोग हे दोन्ही स्त्रीकडे एकाच वाटेनें येतात आणि त्यांविषयीं एकाच माणसानें मोकळेपणानें बोलावें, ही त्यांची दृष्टि होती. जगास तीच गोष्ट कैरो येथील १९९४ च्या लोकसंख्या परिषदेंत मान्य करावी लागली.

आतां, दोन शुश्रूषा एकत्र करणें म्हणजे काय? ए. आर्. टी. केंद्रांतून दुसऱ्या विभागाची चिठ्ठी लिहून देणें म्हणजे एकत्र करणें नव्हे. चिठ्ठी दिली कीं देणाऱ्याचें काम संपतें. घेणाऱ्याचें तेथूनच सुरू होतें. जी तपासणी त्याच खोलींत होण्यासारखी आहे ती तेथेंच व्हावी. जी होण्यासारखी नाहीं, तिच्यासाठीं कोणीतरी बरोबर जाऊन, त्याच दिवशीं, रांगेवांचून ती करवून द्यावी. स्त्रीला एक खेप पुरावी, आणि आपलें गुपित एकाच माणसापाशीं उघडावें लागावें. कोविडच्या साथींत २०२० सालीं कित्येक महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्याची सोय झाली. तिच्यामुळें खेपा कमी झाल्या हें फार चांगलें झालें. परंतु खेपा जितक्या थोड्या, तितकी प्रत्येक खेप अधिक भरीव असली पाहिजे.

यावर दोन आक्षेप निघतात, आणि दोन्ही खरे आहेत. पहिला असा कीं, केंद्रांतील माणसांवर आधींच भार फार आहे. आणखी कामें लादलीं तर मूळ कामहि बिघडेल. यास उत्तर एवढेंच कीं, काम वाढवितांना हात वाढविले पाहिजेत. शिकविलेली एक परिचारिका आणि पडद्याआडचें एक तपासणीचें टेबल यांची सोय आधीं हवी. दुसरा आक्षेप असा कीं, वेगळें केंद्र निदान गुप्तता तरी राखतें. सर्वसाधारण दवाखान्यांत मिसळल्यास गांवांतील ओळखीचीं माणसें भेटतील. खेड्यांत ही भीति पोकळ नाहीं. म्हणून एकत्र करतांना पहिला नियम हा असावा कीं, कोणत्याहि वहीवर, रंगीत कागदावर किंवा हांकेंत आजाराचें नांव असूं नये.

आणि एक धोका असा आहे कीं तो विसरून चालणार नाहीं. संततिनियमन व एच्. आय्. व्ही. एकाच छपराखालीं आले कीं, ‘तुला कशाला हवें मूल, शस्त्रक्रिया करून घे’ असें म्हणण्याचा मोह वाढतो. उपदेश आणि सक्ती यांतील अंतर पांढऱ्या कोटाखालीं फार लवकर पुसलें जातें. २०१७ सालीं झालेला व १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलांत आलेला एच्. आय्. व्ही. व एड्स कायदा याविषयीं स्पष्ट आहे. समजून दिलेल्या संमतीवांचून तपासणी नाहीं, उपचार नाहीं. लागण झालेल्या गरोदर स्त्रीची नसबंदी किंवा गर्भपात तिच्या अशा संमतीवांचून करितां येत नाहीं. आजार फोडतां येत नाहीं. दवाखान्यांत, नोकरींत, शाळेंत भेद करितां येत नाहीं. आणि स्त्रीला राहत्या घरांतून बाहेर काढतां येत नाहीं. दार एक असावें, परंतु त्यांतून आंत जाऊन काय घ्यावें हें तिनें ठरवावें.

शहरांतील श्रोत्यांस वाटेल कीं, हें सर्व सरकारचें आणि खेड्याचें काम आहे. तसें नाहीं. ज्या चाकरमान्याची ही हकीकत आहे तो शहरांतच राहतो. त्याची तपासणी, त्याचा उपचार, निरोध वापरण्याची त्याची जबाबदारी, हीं सर्व शहरांतलीं कामें आहेत. स्त्रीला एका दारांतून सर्व द्यावयाचें तर त्या दारांत पुरुषहि आला पाहिजे. शिवाय शहरांतील किती खासगी सूतिकागृहें लागण झालेल्या स्त्रीस नाना सबबी सांगून परत पाठवितात, हें अनेक घरांस ठाऊक आहे. हातमोजे व निर्जंतुक हत्यारें प्रत्येक रोग्यासाठीं सारखींच वापरावयाचीं असतात. ज्यास तीं एच्. आय्. व्ही. कळल्यावरच आठवतात, तो इतर रोग्यांच्या बाबतींत निष्काळजी असतो एवढाच त्याचा अर्थ. डॉक्टर घरांत आहेत, नात्यांत आहेत. त्यांच्यापाशीं हा विषय काढण्यास संकोच कां असावा?

संगमेश्वराच्या त्या स्त्रीकडे शेवटीं पुन्हां पाहूं या. गोळ्या मोजून झाल्या आहेत, वहींत खूण झाली आहे, ती उठण्याच्या बेतांत आहे. एवढ्यांत समोरची ताई वही मिटून विचारते, “गोळ्यांचं झालं. आतां तुमचं सांगा. पाळी नीट येते ना? अंगावरून कांहीं जातं का? आणखी मूल हवं आहे, कीं नको?” ती पुन्हां खालीं बसते. परतीची गाडी सुटण्यास अजून दोन तास आहेत, आणि तेवढे दोन तास पुरेसे आहेत.